परत येताना बॅटरी बंद

आमच्या इमारतीत बॅटरीकाका म्हटलं की कुणालाही कळतं. खरं नाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर आहे, पण ती पाटी फक्त नवा पोस्टमन वाचतो. आयुष्यभर त्यांनी एका थिएटरात एकच काम केलं. खेळ सुरू झाल्यावर अंधारात चाचपडत येणाऱ्या लोकांना बॅटरीच्या उजेडात त्यांच्या खुर्चीपर्यंत नेऊन सोडायचं. मी त्यांच्याहून थोडीच लहान, त्यामुळे काका म्हणायला माझी जीभ वळत नाही. मी त्यांना भाऊ म्हणते. त्यांची बायको माझी मैत्रीण होती, तिला मी वहिनी म्हणायचे. भाऊ मला टेलरबाई म्हणतात, कारण तळमजल्यावरच्या माझ्या खोलीत मी शिवणकाम करते आणि तोंडही मशीनसारखंच चालवते, असं त्यांचं म्हणणं.

माझे गुडघे पायाने चालवायच्या मशीनने खाल्ले आणि त्यांचे थिएटरच्या उताराने. दोघांच्याही गुडघ्यातली गादी झिजली, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी फोटो उजेडासमोर धरून दाखवला. माझ्या दोन्ही गुडघ्यांत थोडी थोडी झीज होती. भाऊंचा उजवा गुडघा बरा होता, पण डाव्याची आतली बाजू पार घासून गेली होती. औषध दोघांना एकच मिळालं. चाला. गोळ्या दुखलं तरच, पण चालणं रोज.

मी भडकलेच. चालणं शिकवायला एक पोरगी नेमली होती, काडीसारखी, हातात रबरी पट्टा घेऊन फिरणारी. आम्ही तिला व्यायामवाली म्हणायचो. मी तिला म्हटलं, "अगं, जे झिजलंय ते आणखी घासायचं? कुठल्या शाळेत शिकलीस हे?"

"मावशी, तुमचं मशीन सहा महिने झाकून ठेवलं तर काय होईल?"

"जाम होईल."

"मग गुडघा काय वेगळा आहे? तो हलला तरच त्याला आतून वंगण मिळतं. बसून राहिलात तर मांडीचे स्नायू सुकतात, आणि मांडीनं भार घेतला नाही की सगळा भार गुडघ्यावर."

मी गप्प बसले. ही गोष्ट आमच्या गल्लीत बरेच दिवस सांगितली जात होती.

तिचे नियम साधे होते. सपाट जमिनीवर चालायचं, चढउतारावर नाही. मऊ तळाचे बूट घालायचे. एकदम लांब पल्ला मारायचा नाही, थोडं थोडं, दिवसातून दोन-तीनदा. चालताना जरा दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळीही गुडघा ठणकत असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजायचं आणि कमी करायचं, बंद नाही करायचं. आणि चालायच्या आधी खुर्चीत बसून पाय समोर ताठ करायचा, मांडी आवळायची, सोडायची. मी हे सगळं करताना तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या, पण केलं.

आमचा रस्ता उखडलेला, त्यात चढाचा. म्हणून आम्ही इमारतीतच चालायचं ठरवलं. तळमजल्याला पुढच्या फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत एक लांब बोळ आहे. एका बाजूला माझी खोली, मग लॉन्ड्रीचं मागचं दार, मग विजेचे मीटर, मग कायम कुलूप असलेली एक कोठी. फरशी गुळगुळीत नाही पण सपाट आहे. मधोमध एक दिवा, तो असून नसल्यासारखा. त्यामुळे भर दुपारीही बोळाच्या टोकाला अंधारच असतो. आणि त्या टोकाला, भिंतीला पाठ लावून, थिएटरातल्या दोन खुर्च्या आहेत.

खुर्च्या भाऊंच्याच. थिएटर बंद पडलं तेव्हा मालकाने सगळ्यांना विचारलं, आठवण म्हणून काय हवं. कुणी घड्याळ घेतलं, कुणी आरसा. भाऊंनी शेवटच्या रांगेतल्या, वाटेकडच्या दोन खुर्च्या मागितल्या. एकाच लोखंडी सांगाड्यावर बसवलेल्या, मध्ये एकच हात, आणि बसायची फळी स्प्रिंगची. उठलं की फळी धाडकन वर जाते. त्यातली वाटेकडची खुर्ची वहिनींची. लग्नानंतर किती वर्षं दुपारच्या खेळाला वहिनी भाऊंचा डबा घेऊन जायच्या आणि ती खुर्ची रिकामी असली की तिथेच बसायच्या. एकच सिनेमा आठवडाभर पाहायच्या. मला विचारलंत तर त्या सिनेमा बघतच नव्हत्या, बॅटरीचा उजेड कुठे कुठे जातो ते बघायच्या. खुर्च्या घरी आणल्या खऱ्या, पण जिन्याच्या वळणावर अडकल्या. वर जाईनात, खाली येईनात. चार माणसं घाम गाळून दमली. शेवटी खाली आणून बोळाच्या टोकाला ठेवल्या, त्या तिथेच राहिल्या. इमारतीतल्या सगळ्यांना त्या धाडकन आवाजाची सवय झाली. आवाज आला की समजायचं, वहिनी उठल्या.

वहिनी गेल्यावर तो आवाज बंद झाला. त्या खुर्चीवर कुणी बसेना. कुणी मनाई केली नव्हती, पण कुणी बसेना.

चालायला लागलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की भाऊ वाकडे चालतात. म्हणजे लंगडत नाहीत, वाकडे चालतात. डावा पाय पुढे, अंग अर्धवट उजवीकडे वळलेलं, उजवा हात मागे खाली सोडलेला, आणि मान वळवून नजर मागच्या फरशीवर. सगळा भार डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला. एक पाऊल टाकलं की जरा थांबायचं, मग दुसरं. मी मागून चालायचे आणि मला वाटायचं, हा माणूस माझ्यासाठी थांबतोय. एकदा म्हटलंही, "भाऊ, माझी काळजी सोडा, मी पडले तर ओरडेन, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल."

ते हसले नाहीत. म्हणाले, "टेलरबाई, जरा कडेनं चला. मध्ये येऊ नका."

मला वाटलं, गुडघा दुखतोय म्हणून चिडचिड.

व्यायामवाली आठवड्याने बघायला आली. तिने भाऊंना खुर्चीत बसवून पाय ताठ करायला लावला. मांडी उत्तम, ती म्हणाली, शाबास. मग चालायला लावलं आणि तिचा चेहराच पडला. "काका, असं चाललात तर मांडी लोखंडाची केली तरी उपयोग नाही. प्रत्येक पावलाला गुडघ्याला पीळ बसतोय. समोर बघा. दोन्ही हात हलू द्या."

भाऊंनी समोर बघितलं. दोन पावलं सरळ टाकली. मग थांबले. मान आपोआप मागे वळली.

"सवय आहे त्यांची," मी म्हटलं. "थिएटरात बॅटरी मागे धरून माणसांना आणायचे ना. माणूस मागे, उजेड त्याच्या पायाशी. जन्मभर तिरके चाललेत."

हे खरंच होतं. बॅटरीवाला स्वतःसाठी उजेड पाडत नाही. त्याला स्वतःची वाट पाठ असते. तो पुढे चालतो आणि उजेड मागे, गिऱ्हाइकाच्या पावलापुढे टाकतो. थिएटरातली सगळी माणसं अशी चालून चालून एका अंगाला कलतात. भाऊ सांगायचे की त्यांना गावातली माणसं चेहऱ्याने ओळखू येत नाहीत, चपलांवरून ओळखू येतात. वहिनींनाही त्यांनी आधी पायांवरूनच ओळखलं. सिनेमा सुरू झाल्यावर आलेली मुलगी, पायात निळ्या पट्ट्याच्या चपला, एक पट्टा सैल, चालताना फटफट वाजणारा. तोंड त्यांनी मध्यंतरात पाहिलं. "तोपर्यंत ठरलं होतं," असं म्हणायचे आणि वहिनी लाजून आत जायच्या, साठी उलटली तरी.

व्यायामवालीने युक्ती काढली. भाऊंच्या दोन्ही हातांत पाण्याने भरलेली एकेक छोटी बाटली दिली. हात भरलेले असले की उजवा मागे जाणार नाही. ती गेली आणि दुसऱ्याच फेरीला भाऊंनी उजव्या हातातली बाटली माझ्या उंबऱ्यावर ठेवली. खिशातून आपली जुनी बॅटरी काढली. ती पेटवली नाही, नुसती हातात धरली, आणि हात मागे सोडून चालू लागले.

त्या संध्याकाळी त्यांच्या लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात असते, नोकरी करते, दोन मुलं आहेत, आणि बापासारखीच हट्टी आहे. फोन माझ्याच खोलीत घेतला म्हणून मी ऐकलं. तिचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "बाबा, तुम्ही दुसऱ्या मजल्यावर राहता. लिफ्ट नाही. एक दिवस जिन्यात बसाल आणि उठता येणार नाही. मी सुट्टी लागली की येतेय. येताना रिकामी बॅग आणतेय. माझ्यासमोर जिना नीट चढून दाखवलात तर ठीक. नाहीतर तुमचे कपडे त्या बॅगेत भरायचे आणि माझ्याकडे यायचं. वाद नको."

भाऊंनी फोन ठेवला. चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, घर सोडायचं म्हणून. मी म्हटलं, "अहो, लेकीकडे जायला एवढं काय? नातवंडं आहेत. लिफ्ट आहे. गरम गरम जेवण आयतं मिळेल. मी असते तर उद्याच निघाले असते."

"मला जायला काही नाही," ते म्हणाले. "पण ती कशी येणार?"

"कोण ती?"

ते बॅटरी घेऊन बोळात गेले. मी दारातून पाहत राहिले. ते गेले तसेच, तिरके, थांबत थांबत. आणि मी खोटं सांगणार नाही, मला ऐकू आलं. फटफट. एक पट्टा सैल असल्यासारखं. भाऊंच्या पायात मऊ तळाचे बूट होते, त्यांचा आवाजच येत नाही. मी लॉन्ड्रीकडे कान लावला. लॉन्ड्री बंद होती. मी मशीनवर बसून उगाचच एक चांगली शिवण उसवली.

दुसऱ्या दिवशी मी चालायला गेले नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. भाऊ दारात येऊन उभे राहिले. "टेलरबाई, भ्यालात ना?"

"मी? मी कुणाला भिते?"

"ऐकलंत ना काल."

मी त्यांना आत बोलावलं, स्टूल दिलं, चहा टाकला. मग विचारलं, स्पष्टच. काय चाललंय हे?

मग त्यांनी सांगितलं. काही मला ठाऊक होतं. वहिनींची नजर शेवटच्या काही वर्षांत कडेकडेने जात चालली होती. काचबिंदू म्हणाले होते डॉक्टर. शेवटी शेवटी नळीतून पाहावं तेवढंच दिसायचं. कडेचं काही नाही, खालचं काही नाही. बाहेर जायची भीती वाटायला लागली. तेव्हा भाऊंनी जुनी बॅटरी काढली. जिन्यात, बोळात, रस्त्यावर, दिवसासुद्धा, ते पुढे चालायचे आणि उजेडाचं वर्तुळ मागे, वहिनींच्या पावलापुढे टाकायचे. वहिनींना तेवढं वर्तुळ दिसायचं. त्या वर्तुळात पाऊल टाकायच्या. आम्ही सगळे गंमत करायचो, बॅटरीकाकांनी थिएटर घरी आणलं म्हणून. वहिनी म्हणायच्या, मला पूर्वीसारखंच फुकट येता येतं.

पुढचं मला ठाऊक नव्हतं. ताप छातीत उतरला तेव्हा वहिनींना हॉस्पिटलात नेलं. तिथून आतल्या वॉर्डात न्यायचं होतं. चाकांच्या पलंगावर निजवलं, दोन माणसांनी पलंग ढकलला, लांब बोळातून, दुहेरी दारातून आत. भाऊंना म्हणाले, तुम्ही मागे राहा.

"ती पुढे आणि मी मागे," भाऊ म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा. तिनं हात वर केला, असा, चाचपडल्यासारखा. तिला काही दिसत नव्हतं. माझ्या खिशात बॅटरी होती. पण मागून उजेड टाकून काय उपयोग? दार बंद झालं. मग मला बाहेरच सांगितलं, गेली म्हणून."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला, पुसलंही नाही.

"थिएटरात एक गोष्ट कधी करायची नाही," ते म्हणाले. "माणसाला वाटेत सोडायचं नाही. हाक आली, भांडण झालं, मालक ओरडला, काहीही होवो. एकदा मागं घेतलं की जागेवर पोचवायचं. अंधारात अर्ध्यावर सोडलेला माणूस हलू शकत नाही. पुढे पायरी आहे का, मागे पायरी आहे का, त्याला कळत नाही. तो उभाच राहतो. मी तिला अर्ध्यावर सोडली, टेलरबाई. मी घरी आल्यापासून ती माझ्या मागं आहे. रोज. मी मागं बघत चाललो की तीही चालते. पुढं बघितलं की तिची पावलं थांबतात. मग मी तिला कसं सोडू? आणि लेकीकडे गेलो तर ती या बोळात उभी राहील, एकटी."

मला रडू आलं. मी रडणारी बाई नाही, पण आलं. वहिनी त्या बोळात अंधारात उभ्या आहेत हे मला त्या क्षणी इतकं खरं वाटलं की मी उठून दार लोटून घेतलं, आणि मग लाज वाटून पुन्हा उघडलं. जिने मला बाळंतपणात न्हाऊ घातलं, तिच्या तोंडावर मी दार लावत होते.

नंतरचे काही दिवस वाईट गेले. भाऊंचा गुडघा सुजला. सकाळी जिना उतरताना ते कठडा धरून बाजूने, एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवत येत. व्यायामवाली म्हणाली, काही दिवस फेऱ्या कमी करा, शेक द्या, सूज उतरली की पुन्हा सुरू करा, पण सरळ. मी तिला खरं कारण सांगितलं नाही. काय सांगणार? सुट्टी जवळ येत होती. मी शिवत बसायचे आणि माझं लक्ष बोळाकडे असायचं. दिवसाही तिकडे पाठ करून बसायला नको वाटायचं. पाठीला कळतं, कुणीतरी आहे.

एका दुपारी पडद्याचं कापड कापताना मला एकदम आठवलं. वहिनींबरोबर मी बरेचदा थिएटरात गेले आहे. शेवटच्या रांगेत बसून भाऊंचं जाणं-येणं पाहिलं आहे. जाताना ते असेच असायचे, तिरके, थांबत, हात मागे. पण परत येताना? उताराखालून वर येताना ते वेगळेच दिसायचे. ताठ, समोर बघत, दोन्ही हात मोकळे, भराभर. मी तेव्हा वहिनींना म्हटलंही होतं, अगं, तुझा नवरा जाताना म्हातारा असतो आणि परतताना जवान.

मी कात्री टाकली आणि कधी नव्हे ती दोन मजले चढून गेले. गुडघ्यांनी मला वाटेत भरपूर सुनावलं.

"भाऊ, गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवलं की तुम्ही परत कसे यायचात?"

"कसे म्हणजे? बॅटरी बंद करून. पडद्यावर उजेड पडतो ना, लोक ओरडतात."

"आणि मागं बघायचात?"

"छे. परत येताना मागं बघायचं नाही. नव्या पोरांना मी पहिलं तेच शिकवायचो. बसवल्यावर तुम्ही मागं वळून बघितलंत की त्या माणसाला वाटतं काहीतरी चुकलं, आपली जागा ही नव्हे. तो उठतो. मग सगळी रांग उठते. बसवलं, बॅटरी बंद, सरळ परत." बोलता बोलता ते थांबले. माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना कळलं.  

मग ते म्हणाले, "तिची जागा खाली आहे."

"हो."

"आणि बसवलं की ती माझ्या मागं येणार नाही. परत कधीच नाही."

"नाही येणार," मी म्हटलं. यावर दुसरं काही म्हणता आलं असतं तर मी म्हटलं असतं.

त्यांना ते जमेना. दोन दिवस खाली आलेच नाहीत. मी जेवण वर पाठवलं तर ताट तसंच परत यायचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, बोळातला दिवा लागायच्या आधी, ते जिना उतरून आले. दाढी केलेली. थिएटरातला गडद निळा कोट घातलेला, ज्याची बाही मीच दोनदा दुरुस्त केली होती. हातात बॅटरी. माझ्या दारापाशी थांबून म्हणाले, "टेलरबाई, बाहेर येऊ नका. इथूनच बघा."

फाटकापाशी जाऊन त्यांनी बॅटरी पेटवली. हात मागे सोडला. पिवळं वर्तुळ फरशीवर पडलं. मग ते चालू लागले, पूर्वीसारखे, तिरके, थांबत थांबत. माझ्या दारासमोरून गेले, वर्तुळ त्यांच्या मागून गेलं, आणि वर्तुळात काही नव्हतं. मी नीट पाहिलं. फरशी आणि धूळ, एवढंच. पण मी भिंतीला चिकटून उभी राहिले आणि पाय मागे घेतले, वाट द्यावी तसे.

लॉन्ड्रीच्या दारापाशी थोडा उंचवटा आहे. तिथे भाऊ म्हणाले, "सांभाळ, पायरी." मीटरपाशी म्हणाले, "आता सरळच आहे." त्यांचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता. टोकाला पोचले. उजेड खुर्चीवर टाकला. वाकून डाव्या हाताने वाटेकडच्या खुर्चीची फळी खाली दाबून धरली, थिएटरात म्हाताऱ्या माणसांसाठी धरायचे तशी.

"बस," ते म्हणाले. "हीच आपली. हीच जागा."

ते तसेच वाकून राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. गुडघा नक्की ओरडत असणार. मग त्यांनी फळीवरचा हात उचलला. मी कान टवकारले, धाडकन आवाज येणार म्हणून.

आवाज आला नाही.

भाऊंनी बॅटरी बंद केली. अंधारात ते वळले. मला फक्त कोटाच्या पितळी गुंड्या दिसत होत्या. त्या दोन्ही बाजूंना सारख्या हलत होत्या. ते सरळ येत होते. समोर बघत, हात मोकळे, पाऊल टाचेवर टेकवून पुढे नेत, व्यायामवालीने शिकवलं होतं तसं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. माझ्यापाशी आले तरी मान वळली नाही. फक्त म्हणाले, "ऐकू येत नाहीये आता काही."

"तुम्ही चालत राहा," मी म्हटलं. "फाटकापर्यंत."

ते फाटकापर्यंत गेले.

त्या दिवसापासून भाऊ सरळ चालतात. चमत्कार वगैरे नाही, गुडघा झिजलेला तो झिजलेलाच. थंडीत आखडतो, पावसात कुरकुरतो. पण पीळ गेला, सूज ओसरली, मांडी भार घेऊ लागली. सुरुवातीला ते फक्त मीटरपर्यंत जायचे आणि तिथून वळायचे. पुढे, टोकापर्यंत, जायचेच नाहीत. मीही जात नाही. खुर्चीची फळी अजून खालीच आहे. स्प्रिंग गंजली असणार, मी स्वतःला रोज सांगते. माझ्याकडे मशीनचं तेल आहे. दोन थेंब टाकले तर कळेल. मी टाकत नाही.

सुट्टी लागली आणि लेक आली. टॅक्सीतून उतरली, हातात मोठी बॅग, चेहरा आधीच भांडायच्या तयारीत. भाऊ फाटकाशी उभे होते. तिने नमस्कार-चमत्कार काही केला नाही, म्हणाली, "चला, जिना."

"आधी आमची रोजची फेरी बघ," भाऊ म्हणाले आणि चालू लागले. ती मागून निघाली. मी दारात शिवणाचा बहाणा करून उभी. ती बापाच्या पाठीकडे पाहत होती. ताठ पाठ, सरळ पावलं, दोन्ही हात हलताहेत. तिने हा बाप लहानपणी पाहिला असणार, थिएटरात, उताराखालून वर येताना. तिच्या चेहऱ्यावरची भांडणाची तयारी हळूहळू विरघळली. मीटरपाशी भाऊ थांबतील असं मला वाटलं. ते थांबले नाहीत. लेकीला घेऊन टोकापर्यंत गेले.

प्रवासाने ती दमली होती. बॅग खाली ठेवली आणि सवयीने वाटेकडच्या खुर्चीवर बसायला वळली. फळी खाली पाहून जरा थबकली.

"ही अशी खाली कशी राहिली? ही तर नेहमी वर जायची."

"ती जागा भरलीय," भाऊ म्हणाले. थिएटरात म्हणायचे तशाच साध्या आवाजात. "तू पलीकडची घे."

तिने बापाकडे पाहिलं, मग रिकाम्या फळीकडे. मग अंग चोरून, कुणाच्या पायाला पाय लागू नये म्हणून लोक चालतात तशी, त्या खुर्चीपुढून पलीकडे गेली आणि बसली. दोन्ही खुर्च्यांच्या मध्ये असलेल्या त्या एकाच हातावर तिने आपला हात ठेवला, तळवा वर करून, आणि बराच वेळ तसाच ठेवला.

भाऊ बॅग उचलायला वाकले.

"राहू दे बाबा," ती म्हणाली. "रिकामीच आहे. जाताना रिकामीच नेते."